ढीगवाला की बुडालेला?

जगात भित्री माणसं पुष्कळ आहेत. कुणी पालीला भितं, कुणी बायकोला, कुणी इन्कम टॅक्सवाल्यांना. पण अर्धा जन्म स्वतःच्याच पिस्तुलाला भिऊन काढलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. ते उडेल म्हणून भिणं नव्हे हो! ते ठासणीचं, दीडएकशे वर्षांपूर्वीचं, उडण्याबिडण्याच्या पलीकडे गेलेलं पिस्तूल. साडूंची भीती वेगळीच होती, आणि ती अशी चिवट की त्यांच्याबरोबर मलाही बाधली. मी आधीच काळजीखोर. दुकानाचं शटर ओढल्यावर तीनदा परत जाऊन कुलूप हलवून बघणारा माणूस मी, त्यात हे साडू नशिबी आलेले. म्हणजे आमच्या दोघांच्या बायकांचं काय होत असेल, कल्पना करा.

माझं पोलादपूरला किराणा मालाचं दुकान आहे. साडू महाडला राहतात आणि वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत. दुकानदारांच्या वजनांवर शिक्के मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माझं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. साडू पहिल्यांदा घरी आले, दोन बशा पोहे खाल्ले, आमच्या हिनं केलेल्या चहाची तारीफ केली, हात पुसले, आणि पिशवीतून तपासणीची वजनं काढून सरळ माझ्या काट्यावर मांडली. काटा केसभर हलका निघाला. झालं! नवीन साडूचा काटा सील करून हा माणूस संध्याकाळच्या एसटीनं महाडला परत गेला. जाताना म्हणतो, "शेट, मनाला लावून घेऊ नकोस. पोहे उत्तम होते." तेव्हापासून आमचं जे वाजलं ते वाजलंच. साडू मला 'शेट' म्हणणार, मी त्यांना 'साहेब' म्हणणार, आणि समोरासमोर आलो की पाचव्या मिनिटाला दोघांचा आवाज चढलेला असणार. विषय कुठलाही चालतो. तूरडाळीला तेलाचा हात असावा की नसावा यावर आम्ही एका साखरपुड्यात पंगत थांबवली आहे.

पिस्तूल त्यांच्याकडे आलं तेही तपासणीतच. महाडला एका भंगारवाल्याच्या तराजूचं एक पारडं नेहमी वर राहायचं, म्हणून त्यानं दोन्ही बाजू सारख्या करायला वरच्या पारड्याखाली तारेनं एक वजनदार लोखंडी वस्तू बांधली होती. साडूंनी खाली वाकून बघितलं तर घोडा, चाप, मूठ, सगळं जागच्या जागी! पासंग म्हणून पिस्तूल! दुसरा कुणी असता तर हसला असता. साडूंनी आधी भंगारवाल्याला कायदा ऐकवला, पासंग सोडायला लावला, तराजू ताब्यात घेतला. आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून, साधे कपडे घालून, गिऱ्हाईक म्हणून त्याच दुकानात गेले आणि ते पिस्तूल भंगाराच्या भावानं वजनावर विकत घेतलं. वजन करायला दुसरा तराजू आणि स्वतः शिक्का मारलेली मापं सोबत नेली होती. त्यांचे एक नातलग उमरठला असतात. त्यांनी बघताक्षणी ते मावळ्यांचं ठरवून देव्हाऱ्यात ठेवायला मागितलं होतं. साडू इतके संतापले की जेवणाचं ताट तसंच टाकून उठले. "मावळ्यांच्या काळात ही बार उडवणारी दारूची टोपी होती का? काही विचार करून बोलाल की नाही!" पण त्या दिवसापासून त्यांना त्या विषयाचं जे वेड लागलं ते लागलंच.

त्या वेडाचं शास्त्र असं. गोऱ्या साहेबाच्या सैन्यात पिस्तुलाचा एक नमुना ठरायचा आणि त्या नमुन्याबरहुकूम माल पुरवायचं काम चार-पाच कारखानदारांना वाटून दिलं जायचं. पिस्तुलं सगळी सारखीच. तीच नळी, तीच अक्रोडाची मूठ, तोच घोडा. फरक फक्त शिक्क्याचा. त्यांतल्या एका बड्या कारखानदारानं इतकी पिस्तुलं पाडली की आज कुणाच्याही संग्रहात हात घाला, त्याचंच वर येतं. दुसरा एक बिचारा छोटा. त्याला एकदाच काम मिळालं, ते पुरं करता करता त्याचं दिवाळं वाजलं, आणि थोडा माल सैन्यात गेला तेवढाच गेला. म्हणून त्याचं पिस्तूल म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण. साडूंनी पहिल्याचं नाव ठेवलं होतं ढीगवाला आणि दुसऱ्याचं बुडालेला. "शेट, धंद्यात बुडालेल्या माणसाला एवढी इज्जत दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात आहे, सांग!" मी म्हणायचो, "मग मीही दुकान बुडवतो. मला काचेच्या कपाटात ठेवा."

आता साडूंच्या पिस्तुलावर घोड्याखाली जी पोलादी पट्टी आहे, तिच्यावरचा शिक्का पारड्याला घासून घासून पार गेलेला. मुकुटाची एक कड राहिली आहे आणि एका अक्षराचा शेपटा. तो शेपटा ढीगवाल्याच्या नावातलाही असू शकतो आणि बुडालेल्याच्याही. पण ही पट्टी दोन स्क्रूंवर बसवलेली असते, आणि तिच्या आतल्या अंगाला कारखानदाराचं पुरं नाव असतंच असतं. म्हणजे दोन स्क्रू काढले की निकाल! एवढं सोपं! आणि हा माणूस उभ्या जन्मात ते दोन स्क्रू काढायला तयार नाही. पावसाळ्यात म्हणणार, दमट हवेत उघडू नये. थंडीत म्हणणार, स्क्रू आखडलेत. दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते तेव्हा म्हणणार, आज कुठे हत्यार चालवायचं. पुण्या-कोल्हापूरच्या शौकीन लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तिथले लोक रोज विचारायचे, "काका, उघडलं का?" शेवटी साडूंनी तो ग्रुपच मुका करून टाकला. दुसऱ्यांच्या मापातली केसभर खोट हुडकणारा माणूस, पण स्वतःच्या पिस्तुलाचा शिक्का बघायची वेळ आली की तोंड पांढरं पडायचं.

बाकी जगाचा निकाल मात्र ते तडकाफडकी लावायचे. माणूस दिसला की शिक्का पडला. आमच्या मुलीला स्थळ आलं, मुलगा पुण्यात नोकरीला, उंच, गोरा, निर्व्यसनी. साडू फोटो बघून म्हणाले, "चांगला आहे. पण ढीगवाला." आमची ही आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मुंबईहून गणपतीला येणारे चाकरमानी ढीगवाले, हायवेवरची हॉटेलं ढीगवाली, पायरी आंबा सोडून सगळे आंबे ढीगवाले. आणि कुठल्या तरी आडगावचा एखादा कुणी न विचारलेला, कर्जात बुडालेला, बांबूच्या टोपल्या विणत बसलेला माणूस त्यांना भेटला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "याला म्हणतात माल, शेट!" एकदा मी चिडून विचारलं, "आणि मी कोण?" तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुझा शिक्का अजून वाचता येत नाही." ही स्तुती की शिवी, मला आजतागायत कळलेलं नाही.

पावसाळा म्हणजे तर घरात सुतक. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, चपलांनासुद्धा बुरशी येते. साडू पिस्तूल सागवानी पेटीत ठेवायचे आणि दमट धरू नये म्हणून पेटीत तांदूळ भरायचे. तांदूळ माझ्या दुकानातला. दर पंधरवड्याला जुना परत करून नवा न्यायचा. "हा ओलसर आहे. फसवतोस काय?" "अहो साहेब, लोक हा शिजवून खातात! तुमचं पिस्तूल काय स्वर्गातून आलंय?" असं आमचं चालायचं. एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत चढायला लागलं, तेव्हा हे गृहस्थ दुधाच्या उभ्या कॅनमध्ये पिस्तूल घालून, झाकणाभोवती कणीक लावून, पाणी यायच्या आधी पोलादपूरला माझ्या दारात हजर. मागून तासाभरानं अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, कुणाच्या तरी टेम्पोतून भिजून चिंब होऊन आली. बहिणीच्या गळ्यात पडून म्हणते, "गो, टीव्ही राहिला, फ्रीज राहिला. मी राहिले असते तर हे परत आले असते की नाय, देवाला ठाऊक!" साडू मान खाली घालून कॅन पुसत बसले होते.

तर अशा माणसानं यंदा उन्हाळ्यात मला फोन करून सांगितलं की साताऱ्याकडे एक वयोवृद्ध जाणकार आहेत, ते म्हणे पट्टी न उघडता नुसत्या स्पर्शानं कारखानदार ओळखतात. "शेट, तुझी व्हॅन काढ." मी म्हटलं, निवडणुकीचे दिवस आहेत, रस्तोरस्ती तपासणी चालू आहे, पिस्तूल घेऊन हिंडायचं हे दिवस नव्हेत. ते म्हणाले, "पुरातन वस्तूला कायदा आड येत नाही. मला शिकवतोस?" मी भांडलो, ते भांडले, आणि सकाळी आंबेनळीच्या रस्त्याला आम्ही लागलो. घाट सुरू व्हायच्या आधीच नाकाबंदी.  एक तरुण हवालदार खिडकीशी आला आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, पिशवीत काय हाय?"

मी "काही नाही, डबा" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण वजनमापे खात्यात हयात गेलेला माणूस शेजारी बसलेला! "पिस्तूल," साडू म्हणाले, जणू भेंडी म्हणाले. हवालदार एक पाऊल मागे गेला. त्याला धीर द्यावा म्हणून साडूंनी पुढे सांगितलं, "घाबरू नका. सैन्यातलं आहे." बोंबला! पुढच्या क्षणी व्हॅनभोवती चार जण, माझे दोन्ही हात वर, आणि साडू पिशवी छातीशी धरून ओरडताहेत, "मुकुटावर बोट लावू नका हो! घामाचा हात लावू नका!" 

पोलीस ठाण्यातल्या मॅडम मात्र समजूतदार निघाल्या. तरुण मुलगी, शांत आवाज. पिस्तूल उलटसुलट बघून म्हणाल्या, "आजोबा, जुनं आहे हे दिसतंय. पण उडत नाही असं जाणकार माणसानं तपासून लिहून दिलं पाहिजे. मग घेऊन जा." महाडला शेतकऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करणारे एक परवानेवाले चाचा आहेत. डुकरांपासून भात राखायला लोक ज्या बंदुका ठेवतात, त्या तालुक्यातल्या सगळ्या त्यांच्याच हाताखालून जातात. त्यांना बोलावणं गेलं. चाचा आले, चष्मा चढवला, घोडा मागे ओढून बघितला आणि म्हणाले, "पट्टी उघडल्याबिगर काय सांगू मी? घोडा उडवणारी आतली कमान जिती हाय का मेलेली, बघाया नको?" साडूंचा चेहरा बघवेना. "दुसरा काही उपाय?" त्यांनी विचारलं. "हाय ना. नळीत शिसं ओततो. मग उघडाया नको, काय नको." म्हणजे एकतर निकाल, नाहीतर पिस्तुलाचा खून!

साडू मला ओढत व्हरांड्यात घेऊन आले.  "शेट, ढीगवाला निघाला तर?" मी म्हटलं, "निघाला तर निघाला. पिस्तूल तेच राहणार आहे ना?" "पिस्तूल तेच राहील रे. माझं काय? नोकरीत मी सगळ्यांचा शत्रू. ज्या दुकानात गेलो तिथला माणूस मला बघून घाबरला. पोरबाळ झालं नाही. घरी आलो की पेटी उघडायची आणि म्हणायचं, कदाचित, कदाचित आपल्याकडे ते आहे जे कुणाकडेच नाही. एवढंच होतं माझ्याकडे. ते आज चाचा दोन स्क्रूंत काढून घेणार." इतकी वर्षं मी या माणसाशी भांडलो, पण असं काही त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.  मग तेच म्हणाले, "उघडू दे. शिसं नको. पण मी बघणार नाही. तू बघ. आणि मला सांगू नकोस. कधीच नाही."

म्हणजे काय गंमत बघा. ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून सबंध पोलादपुरात प्रसिद्धी, त्याच्याकडे हे गुपित ठेवायला दिलं! साडू बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चाचांनी तेलाचे दोन थेंब सोडले, थोडा वेळ थांबले, आणि स्क्रू फिरवला. आखडलाबिखडला काही नव्हता, लोण्यातून निघावा तसा निघाला. पट्टी सुटली. मी वाकून बघितलं. आतल्या अंगाला हवा लागलेली नसल्यानं नाव काल कोरल्यासारखं लख्ख होतं, मुकुटासकट, एकेक अक्षर वाचता येईल असं. ढीगवाला. मी पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. ढीगवालाच!  कमान मधोमध तुटलेली होती, म्हणजे पिस्तूल उडणं शक्य नाही, म्हणजे काम झालं होतं. चाचा खूश होऊन मोठ्यानं म्हणाले, "आतमदी नाव तं बघा कसं चकाचक..." "चाचा, चहा!" मी असा ओरडलो की मॅडम आतून बाहेर आल्या.

परतताना गाडीत साडूंनी दोनच प्रश्न विचारले. "नाव होतं?" "होतं." "वाचता आलं?" "आलं." "बरं." बस. साताऱ्याचा बेत आपोआप रद्द झाला. घरी आल्यावर आमच्या हिनं मला दोन दिवस छळलं, अक्कानं महाडहून फोन करकरून कान खाल्ले, पण मी म्हणून सांगतो, एक अक्षर फुटू दिलं नाही. जेवण जाईना, झोप लागेना. शेजारी डाळ मोजून घेणाऱ्या बाईलासुद्धा सांगून टाकावं असं वाटायचं. पण नाही म्हणजे नाही. आयुष्यात एकदा तरी मी शब्द पाळत होतो आणि त्याचा मला मनातून अभिमान वाटत होता.

पाऊस सुरू झाला आणि साडू नेहमीसारखे पेटीतला तांदूळ बदलायला येऊ लागले. यायचे, बाकड्यावर बसायचे, चहा घ्यायचे. विचारायचे काहीच नाहीत, पण माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मी नजर चुकवून दुकानाच्या कामात डोकं घालायचो. एकदा म्हणाले, हल्ली तुझ्या दुकानात मालाला पूर्वीची चव नाही. मी म्हटलं, खरं आहे हो. एकदा म्हणाले, तूरडाळीला तेलाचा हात हवाच. मी म्हटलं, हवाच. गेल्या आठवड्यात मी त्यांना पेटीसाठी साध्या तांदळाऐवजी आंबेमोहोर काढून दिला, कोरडा, निवडलेला. त्यांनी पिशवी माझ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, आकडा बघितला, आणि म्हणाले, "शेट, काटा खोटा आहे तुझा."

काटा अगदी खरा होता. पण मी म्हटलं, "असेल साहेब. उद्या दुरुस्त करून घेतो."

साडूंनी पिशवी उचललीच नाही. बाहेर एसटी येऊन थांबली, गेली. मग हळू आवाजात म्हणाले, "ढीगवाला निघाला ना?"

"मी कुठं काय बोललो!" मी दचकून म्हटलं.

"तेच तर. तू काही बोलतच नाहीस. मला उलट उत्तर दिल्याशिवाय तू आजवर काडीपेटी विकली नाहीस. आणि त्या दिवसापासून बघतोय, मी म्हणेन ते खरं, मी म्हणेन ते बरोबर. मयताच्या घरी बोलतात तसं बोलतोस माझ्याशी." ते हसायला गेले, पण हसू काही धड आलं नाही. "बुडालेला निघाला असता, तर तू मला त्याच दिवशी गाडीतच चार शिव्या घालून सांगितलं असतंस."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. एवढ्या कष्टानं तोंड मिटून ठेवलं आणि माझ्या चांगुलपणानंच घात केला! "साहेब, चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

"चुकलं काय त्यात," म्हणत त्यांनी तांदळाची पिशवी उचलून काखेत धरली. "हा घेऊन जातो. ढीगवाल्यालाही गंज चढतोच." दुकानाच्या पायरीवर जाऊन ते थांबले, मागे न बघता म्हणाले, "एक कर, शेट. भांडायला लाग पुन्हा. पेटीतलं तर गेलं. आता तेही गेलं तर मी महाडहून इथवर कशाला येऊ?"

मी घसा खाकरला. काट्याबद्दल चांगलं झणझणीत काहीतरी बोलायचं म्हणून छाती भरून तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "सांभाळून जा हो, पायरी निसरडी आहे."

"बघ! परत तेच!" साडू म्हणाले, आणि छत्री उघडून भर पावसात स्टँडकडे चालू लागले.